चोडण, दिवाडी, जुवे: मांडवीच्या बेटांवर शनिवार-रविवार

शुक्रवार संध्याकाळ

गोव्याचा नकाशा समोर धरला की पणजीच्या वरच्या अंगाला मांडवी फाटे फोडताना दिसते, आणि त्या फाट्यांच्या मधोमध बेटं: चोडण, दिवाडी, कुंभारजुवे, जुवे, वांशी, आखाडा. खरं तर पणजीसकट सगळा तिसवाडी तालुकाच बेट आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि पूर्वेला या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. नोकरीसाठी पणजीत येऊन राहिले तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं डिचोलीच्या मैत्रिणीनं.

पणजीच्या मळा भागातल्या ज्या घरात आम्ही भाड्यानं राहतो, तिथे सगळेच नवे. नागपूरकर आणि वसईची वरच्या मजल्यावर, मी आणि डिचोलीची खाली, आणि मागच्या खोलीत शिरोळचा मुलगा, ज्याला सगळे कोल्हापूरकरच म्हणतात. गोव्याची म्हणावी अशी एकटी डिचोलीचीच. शुक्रवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "किनारे तुम्ही कुणाहीबरोबर बघाल. बेटं माझ्याबरोबर बघा." आम्ही तिथल्या तिथे बॅगा भरल्या. जानेवारीतली हवा, रात्री पातळ चादर पुरते इतकी. तीन स्कूटर, दोन जोडी कपडे, नागपूरकराची दुर्बीण.

शनिवार

पहाटे पणजीहून रायबंदरकडे निघालो. मधला सव्वातीन किलोमीटरचा रस्ता म्हणजे पाणथळ जमिनीवरून बांधलेला सेतू आहे, १६३० च्या दशकातला. त्याला पोन्ति द लिन्हारिस म्हणतात. आज त्यावरून बस, डंपर सगळं जातं आणि आपण पुलावर आहोत हे कळतही नाही. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला तिवरांची झाडी आणि मिठागरं. कोल्हापूरकरानं मिठागराजवळ स्कूटर थांबवली, खाली उतरून चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि काही न बोलता पुन्हा बसला. त्याच्या शिरोळ भागात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या आहेत. त्यांच्याही शेताच्या खालच्या पट्टीत मीठ वर येऊन पांढरा थर धरलाय. घरात ती पट्टी विकून टाकायची चर्चा चालू होती. हे आम्हाला त्याच दिवशी, हळूहळू कळत गेलं.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला फेरीबोट जाते. या मार्गावर २०२५ पासून गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या मोठ्या रो-रो बोटीही आल्या आहेत. आम्ही मात्र उघड्या डेकच्या जुन्या फेरीत चढलो. दूधवाले, शाळेचे मास्तर, मासळीची टोपली घेतलेल्या दोघी बायका आणि आम्ही. डिचोलीचीनं खलाशाला "भाव, भरती केन्ना?" असं विचारलं आणि त्यानं घड्याळाकडे न बघता उत्तर दिलं. इथल्या माणसांच्या डोक्यात भरती-ओहोटीचं वेळापत्रक कायमचं बसलेलं असतं.

फेरी चोडणला टेकली की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. बेटाच्या पश्चिम टोकाचा १७८ हेक्टरांचा हा तुकडा १९८८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. सगळं खारफुटीचं जंगल. आत एक पायवाट आहे, निरीक्षण मनोरा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि ते फार चांगलं झालं, कारण जंगलाचा तळ उघडा पडला होता. तिवराची श्वासमुळं चिखलातून हजारोंनी वर आलेली. कांदळाची आधारमुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराला हवेतून श्वास घ्यायला मुळं वर काढावी लागतात. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं, कोंब लांब होतो आणि मग खाली चिखलात रोवला जातो. हे सगळं वसईची सांगत होती. तिच्या गावाकडेही खारफुटी आहे, लहानपणी तिथेच चिखलात खेळलेली ती.

नागपूरकरासाठी हे सगळंच नवं. निवट्या चिखलावरून टुणटुण उड्या मारत जाताना पाहून तो जागच्या जागी बसला. "हा मासा हाये की बेडूक?" मासाच. ओल्या कातडीतून हवा घेत पाण्याबाहेर तासन् तास राहणारा मासा. शेजारी एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी वर-खाली हलवत होते. माद्यांना बोलावणं आणि दुसऱ्या नरांना दमदाटी, दोन्ही त्याच एका हालचालीत. आम्ही तिथे इतका वेळ बसलो की मनोऱ्यावर जाईपर्यंत ऊन चढलं. वरून मात्र पक्षी भरपूर दिसले. पंख वाळवणारे पाणकावळे, ढोकरी, राखी बगळे, काळ्या डोक्याचा खंड्या, डोक्यावरून घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. आणि एकदा, अगदी स्पष्ट, नदीत झेप टाकून दोन्ही पायांत मासा धरून वर आलेला कैकर. मासा तोंडाच्या बाजूनं पुढे धरून तो उडत गेला. नागपूरकर दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हता. मी त्याला घाई केली नाही, कारण असं बघणारा माणूस सोबत असला की आपल्यालाही जास्त दिसतं.

नाश्ता बेटावरच्या छोट्या हॉटेलात: पातळ भाजी, पाव, मिरची भजी. चहा दोनदा.

चोडणचं जुनं नाव चूडामणी. पोर्तुगीज काळात इथे जेझुइटांचं शिक्षण केंद्र होतं, बड्या घराण्यांची वस्ती होती, मग साथीच्या रोगांनी बेट ओस पडलं. आज मोठी जुनी घरं, बंद खिडक्या, आणि मधूनच एखाद्या घरी रंगकाम चाललेलं. पण माझं लक्ष घरांपेक्षा शेतांकडे लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट, पाण्यानं भरलेली खाजनं. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीखाली जाणारी जमीन बांध घालून अडवलेली. जिथे आज शेत आहे तिथे बांध नसता तर दिवसातून दोनदा खारं पाणी आलं असतं. पावसाळ्यात भात, पावसाळा संपल्यावर तिथेच कोळंबी आणि मासे. कोल्हापूरकर आमच्या मागे राहू लागला. दर शंभर पावलांना त्याची स्कूटर थांबत होती.

दुपारी चोडणच्या दुसऱ्या टोकाकडून मयेच्या रस्त्यानं डिचोली तालुक्यात शिरलो आणि नार्व्याला गेलो. इथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. मूळ देऊळ इथलं नव्हे, नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचं. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या नाण्यांवर 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' अशी बिरुदावली असे. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते देऊळ पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभं केलं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडलं. मग भक्तांनी लिंग नदी ओलांडून नार्व्याला आणलं. आणि इथे, पोर्तुगिजांच्या हद्दीला लागून, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ बांधायला घेतलं. दारावरचा शिलालेख आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, 'श्री शिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः'. कोल्हापूरकरानं मोठ्यानं वाचलं आणि त्याच्या आवाजात एकदम बदल झाला. मलाही भरून आलं, ते मी लपवणार नाही. किल्ल्यांवर महाराजांच्या खुणा पाहत आपण वाढतो, पण इथे, नदीकाठी, पोफळींच्या सावलीत, त्यांच्या आज्ञेचा एक ओळीचा दगड समोर असतो. देवळाचा जीर्णोद्धार अलीकडेच झाला, २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. काम चांगलं झालंय, गाभारा शांत आहे.

नार्व्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जाणारी फेरी काही मिनिटांचीच. त्या काही मिनिटांत आपण देवाच्या उलट वाटेनं जातो. बेटावर जुन्या देवळाच्या जागी आता ख्रिस्ती प्रार्थनास्थळ आहे आणि जवळ कोटितीर्थ, जुन्या दगडी तळीचे अवशेष. तिथे पोहोचलो तेव्हा उजेड उतरायला लागला होता. डिचोलीचीची आजी या तळीबद्दल सांगायची म्हणे, पण स्वतः कधी पाहिली नव्हती. नदी ओलांडायला तिला उभं आयुष्य सवड मिळाली नाही.

दिवाडीला आजही पूल नाही. बेटावर यायचं-जायचं ते फेरीनंच. आमचा मुक्काम बेटावरच्या पिएदादला एका जुन्या घरात, डिचोलीचीच्या ऑफिसातल्या बाईंच्या मावशीकडे. सगळे त्यांना आंटी म्हणतात. "येयात, बसात" म्हणत त्यांनी आम्हाला थेट स्वयंपाकघरातच नेलं. शित-कडी, तळलेले बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी घालून किसमूर, आणि घरच्या सोलांची कढी. वसईची आणि आंटी यांचं तर लगेच जमलं. वसईची ख्रिस्ती, घरी मराठीची सामवेदी बोली बोलणारी. आंटी कोंकणी बोलत होत्या, ही तिच्या बोलीत उत्तर देत होती, आणि दोघींचं लग्नातल्या गाण्यांपर्यंत पोहोचलं. एकाच पोर्तुगीज सत्तेखाली आलेली दोन टोकं. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, दिवाडी १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे राहिली. तरी दोघींची हळद लावायची पद्धत जवळजवळ एकच निघाली.

आंटींनी बोंदेरांबद्दल सांगितलं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी हा सण असतो. पूर्वी शेतांच्या हद्दींवरून वाड्यावाड्यांत भांडणं होत, मारामाऱ्यांपर्यंत जात. पोर्तुगिजांनी हद्दीवर झेंडे रोवायची पद्धत आणली, आणि गावकऱ्यांनी त्या झेंड्यांचीच टर उडवत मिरवणूक काढली. बांबूच्या नळकांड्यांतून तिरफळांचा मारा करून झेंडे पाडायचे. जमिनीची तीच भांडणं आता सणात खेळली जातात. "ऑगस्टात येयात," असं आंटींनी किमान चार वेळा सांगितलं.

रविवार

सकाळी टेकडीवरच्या अवर लेडी ऑफ पिटी चर्चपर्यंत चालत गेलो. प्रार्थना सुरू होती, वसईची आत थांबली, आम्ही अंगणात. तिथून बेट कसं बसलंय ते एका नजरेत कळतं: मध्ये ही टेकडी आणि घरं, भोवती खाजनांची सपाट थाळी, तिच्या कडेनं बांध, बांधापलीकडे नदी, आणि नदीपलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चची पांढरी शिखरं. बांध किती बारीक दिसतो वरून! एवढ्याशा रेषेवर सगळं बेट उभं आहे.

खाली उतरून आम्ही त्या रेषेवरच गेलो. तिथे एक वयस्कर काका मानशीपाशी जाळं आवरत होते. मानस म्हणजे बांधातला दरवाजा. लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की भरतीच्या पाण्याचा जोर आला की आपोआप बंद, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं आपोआप उघड्या. ओहोटीच्या वेळी तोंडाशी जाळं लावलं की बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर मासळी सापडते. हा मासेमारीचा हक्क लिलावानं देतात आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी रीत.

कोल्हापूरकरानं काकांना सोडलंच नाही. मीठ असलेल्या जमिनीत भात कसा येतो? काकांनी शांतपणे सांगितलं. उन्हाळ्यात जमीन भेगाळू द्यायची. पहिल्या पावसाचं गोडं पाणी भरून घ्यायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला मानशीतून बाहेर काढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं. मग पेरा. बियाणं कोरगुटाचं, ते खारं थोडं सोसतं. "आणि बांध?" बांध चिखलाचा, गवताचा, चिऱ्याचा. खेकडे भोकं पाडतात, लाटा खातात, दरवर्षी पावसाआधी सगळ्यांनी मिळून धरावा लागतो. पूर्वी हे काम कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणारी गावकऱ्यांची संस्था, करून घ्यायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे आलं. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला हे योग्यच झालं. पण काही ठिकाणी बांध कुणाचाच राहिला नाही. कुठे मासळीच्या पैशासाठी खारं पाणी मुद्दाम आत ठेवलं जातं, शेजारची शेतं खारावतात, दोन-चार वर्षांत तिवर उगवून येतं. काकांनी हातानं दाखवलं: बांधाच्या आत, जिथे भात हवा तिथे, हिरवीगार झाडी.

"एकट्याच्यान बांद जायना," काका म्हणाले. एकट्याकडून बांध होत नाही.

कोल्हापूरकर बराच वेळ त्या झाडीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "आमच्याकडं पण हेच हाय बघ. जमिनीखालनं निचऱ्याची पाइप घातली तर मीठ उतरतंय. पण पाणी काढायचं म्हटलं तर ते शेजाऱ्याच्या रानातनं जायला पायजे. शेजारी नको म्हटला की संपलं."

आंटींचा निरोप घेऊन फेरीनं जुन्या गोव्याला उतरलो. धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते, वास्को द गामाच्या पणतूनं, फ्रान्सिस्को द गामानं, सोळाव्या शतकाच्या शेवटी उभारलेली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीखालून शहरात शिरे. चर्च आमच्यापैकी सगळ्यांनी आधी पाहिलेली होती, म्हणून बाँ जेझू चर्चला थोडं थांबून पुढे निघालो.

बाणस्तारीच्या पुलाखालून कुंभारजुव्याची खाडी जाते. डिचोलीचीच्या ओळखीच्या होडीवाल्यानं आम्हाला खाडीतून फिरवून आणलं. इथे मगरी आहेत, गोड्या पाण्यातल्या जातीच्या मगरी, पण खारफुटीच्या खाऱ्या खाडीत राहणाऱ्या. ओहोटीला उघड्या पडलेल्या काठावर एक ऊन खात पडली होती, आधी तर ओंडकाच वाटला. होडीवाल्यानं यंत्र बंद केलं, आम्ही दूरच थांबलो. फोंडा तालुक्यात दुर्भाटला पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला. शेताची आणि बांधाची राखण तिच्याकडे सोपवायची. पौष चालूच होता, ही पूजा काही दिवसांवर आली होती.

माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात गेलो. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी, अशी मूर्ती फार थोड्या ठिकाणी आहे. हा देव मूळचा चोडणचा. देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा मयेमार्गे इथे आला. जवळच्या खांडोळ्याचा महागणपतीही दिवाडीवरच्या नावेलीचा. दोन दिवस आम्ही ज्या बेटांवर फिरलो त्यांचे देव इथे, नदीच्या सुरक्षित बाजूला, शेजारी-शेजारी राहतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या पटांगणात चिखलकाला होतो: लहानथोर सगळे अंगाला तेल चोपडून चिखलात खेळतात, लोळतात. खाजनांतून आलेल्या देवाचा उत्सव चिखलातच व्हावा हे मला फार बरोबर वाटलं.

जेवण माशेललाच, शाकाहारी थाळी आणि खतखतं, म्हणजे मिसळीच्या भाज्यांचं कालवण. मग पुलावरून जुव्याला.

जुवे म्हणजे सांत इस्तेव्ह. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्यानं रात्रीत इथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय काँद दि आल्व्होर स्वतः फौज घेऊन आला आणि जखमी होऊन मागे फिरला. हताश होऊन त्यानं आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीवर नेऊन ठेवला, इतकी गोव्याची अवस्था कठीण झाली होती. भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घेऊन त्यांना वाचवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली. किल्ल्याच्या टेकडीवर उभं राहून खालचं पाणी पाहिल्यावर ती भरती कशी असेल याचा अंदाज येतो. तटाचे थोडे अवशेष उरलेत. दिशादर्शक पाट्या आणखी हव्यात. मराठी माणूस इतका गोव्याला येतो, त्यानं एकदा इथे यायलाच हवं.

खाली शेतांत भेंडी लावलेली होती. जुव्याची भेंडी गोव्यात प्रसिद्ध आहे: लांब, फिकट हिरवी, सात शिरांची. एका बाईंकडून आम्ही दोन किलो घेतली. त्या सहज म्हणाल्या की मेच्या अखेरीस बांधाचं काम निघतं, माणसं कमी पडतात. नागपूरकर लगेच "आम्ही येतो ना मावशी" म्हणाला, आणि वसईचीनं त्यांचा नंबर घेऊन ठेवला.

कोल्हापूरकर तोवर बांधावर जाऊन घरी फोन लावत होता. स्पीकरवर होता, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं. "आप्पा, खालच्या पट्टीचा येव्हार थांबवा. न्हाई, मी येऊन बोलतो. त्या आधी एवढं करा, निचऱ्याच्या कामाला आपल्या बाजूचं कोण कोण तयार हाय ते इचारून ठेवा." पलीकडून वडील म्हणाले, एक जण ऐकणार नाही. "त्येच्याकडं मी जातो," हा म्हणाला. "बाकीच्यांची नावं सांगा." वडील एकेक नाव सांगू लागले आणि डिचोलीचीनं पिशवीतून वही काढून ती लिहून घ्यायला सुरुवात केली.